बाबा, शुगर बरी आहे पण पायांचं काय?

ती. बाबा आणि आई, सा. न.

फोनवर बाबा ऐकून घेत नाहीत, दोन वाक्यं झाली की "बरं बरं, आईशी बोल" म्हणून फोन तुझ्या हातात, म्हणून लिहितेय. आई, तू वाचून दाखव, चष्मा सापडत नाही वगैरे चालणार नाही.

बाबा, आईने पाठवलेला तुमच्या पायांचा फोटो बघितला. मोज्याच्या इलॅस्टिकचा केवढा वळ उठलाय, आई म्हणते अंगठ्याने दाबलं की खड्डा तसाच राहतो, आणि हल्ली जिन्यात मध्येच थांबता. तुमचं म्हणणं वय झालं, बाकी शुगर तर मस्त आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) 6.9. मान्य, मस्तच आहे. पण शुगर बरी म्हणजे हार्ट पण बरं असं नसतं ना.

तुमच्या गोळीच्या स्ट्रिपची मागची बाजू झूम करून वाचली. एकाच गोळीत तीन औषधं आहेत, ग्लिमेपिराईड, मेटफॉर्मिन आणि पायोग्लिटाझोन. हे तिसरं शुगर छान उतरवतं, स्वस्त आहे, आपल्याकडे सर्रास देतात, पण त्याने अंगात मीठ-पाणी साठून राहतं, मग पाय सुजतात, वजन वाढतं आणि हार्ट आधीच थकलेलं असेल तर त्याच्यावर अजून लोड येतो. हार्ट फेल्युअरवाल्यांना, म्हणजे ज्यांचं हार्ट रक्त नीट पंप करू शकत नाही त्यांना, ते देत नाहीत. तुम्हाला तेच झालंय असं मी म्हणत नाहीये, ते इको (हार्टची सोनोग्राफी) केल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, पण तीच गोळी वर्षानुवर्षं रिपीट करत बसायचं हे मला पटत नाही.

याचंच भावंड होतं रोसिग्लिटाझोन. त्याने हार्ट अटॅकचा धोका वाढतो असं 2007 मध्ये पुढे आलं, केवढा गदारोळ झाला, 2010 मध्ये भारतात ते बंदच केलं (अमेरिकेने नंतर त्यावरचे निर्बंध उठवले, तो वाद वेगळाच). त्या गोंधळानंतर 2008 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी तिथली सरकारी संस्था) सांगितलं की डायबेटिसचं नवीन औषध आणायचं तर ते हार्टला धोक्याचं नाही हे पण दाखवा. आणि गंमत बघा, धोका नाही हे दाखवायला गेले आणि एम्पाग्लिफ्लोझिन नावाच्या डायबेटिसच्या नव्या गोळीने उलट फायदाच दाखवला! 2015 चा अभ्यास, आधीच हार्टचा त्रास असलेले सात हजार डायबेटिसचे पेशंट, आणि हार्टमुळे होणारे मृत्यू 38 टक्क्यांनी कमी. ही गोळी जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढते, सोबत थोडं मीठ-पाणी पण जातं. हिची बहीण डॅपाग्लिफ्लोझिन तर 2019 पासून डायबेटिस नसलेल्या हार्ट फेल्युअरवाल्यांना पण उपयोगी ठरलीय. आणि बाबा, "महाग असेल" हे आधीच म्हणू नका, एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च 2025 मध्ये संपलं, तेव्हापासून किती कंपन्यांनी काढलीय, दर धडाधड उतरलेत.

तोटे पण आहेत हं. लघवी जास्त होते, खालच्या जागी खाज, फंगल इन्फेक्शन होऊ शकतं, आणि लाजून ते कोणी सांगत नाही, तुम्ही तर नाहीच सांगणार. उलट्या-जुलाब चालू असतील किंवा निर्जळी उपास असेल तेव्हा ही गोळी थांबवावी लागते, नाहीतर शुगर नॉर्मल दिसत असताना पण रक्तात ॲसिड वाढतं. म्हणजे आषाढीला आधी डॉक्टरांना विचारायचं. आत्ताच्या ग्लिमेपिराईडवर पण उपाशी राहिलं की शुगर एकदम खाली जाते, तेव्हा हा नियम तसाही आजपासूनच.

मनाने कुठलीच गोळी बंद करू नका आणि बदलू पण नका, प्लीज. याच आठवड्यात जा, सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, बीपीच्या पण, आणि इको व क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ताची टेस्ट) करायचं का ते विचारा. "डॉक्टर घाईत होते" हे ऐकायचं नाहीये मला. आई, रोज सकाळी चहाआधी बाबांचं वजन कॅलेंडरवर लिही, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा रात्री आडवं झाल्यावर दम लागायला लागला तर माझ्या फोनची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. आणि शेजारच्या काकांना जी गोळी लागू पडली ती बाबांना चालू करून बघायची नाही.

इकोचा रिपोर्ट आला की सरळ उजेडात धरून फोटो पाठवा, मागच्या वेळी अर्ध्या पानावर आईच्या हाताची सावली होती.

तुमची,
ताई