धुरीघर जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

किनारपट्टीवरील वारसास्थळांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडला. मात्र त्यातील एका परिच्छेदाबद्दल लिहिणे आवश्यक वाटते. इंग्लंडच्या नॉर्थंबरलंड किनाऱ्यावरील क्रास्टर या गावाचा उल्लेख करताना लेखकाने तेथील मासे धुरावण्याच्या जुन्या घराला ‘उत्तम जतन केलेली इमारत’ एवढेच प्रशस्तिपत्र दिले आहे आणि वाचकाला लगेच शेजारच्या डन्स्टनबरा किल्ल्याकडे नेले आहे. किल्ल्याला हे वर्णन शोभेल. धुरीघर मात्र आजही रोजच्या वापरात आहे आणि त्याचे महत्त्व नेमके त्यातच आहे.

हे धुरीघर १८५६ सालचे असून रॉब्सन कुटुंबाच्या चार पिढ्यांनी ते चालवले आहे. हेरिंग हा आपल्या तारलीच्या कुळातला तेलकट मासा. तो पाठीतून चिरून, आतडी काढून उघडायचा, थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवायचा, मग आकडे लावलेल्या काठ्यांवर अडकवून उंच, अंधाऱ्या खोलीत थेट छपरापर्यंत रांगांनी टांगायचा आणि खाली लाकडाच्या ढलप्या व ओकचा भुसा धुमसत ठेवून त्याला सोळा तासांपर्यंत धूर द्यायचा, अशी तेथील रीत आहे. भुसा पेटता कामा नये, कारण आच वाढली की मासा धुरावण्याऐवजी शिजू लागतो. आणि तो विझूनही चालत नाही. छपरातील लाकडी झरोक्यांतून धूर किती व कसा बाहेर पडतो, आज हवा दमट आहे की कोरडी, मासा किती चरबीचा आहे, हे सारे पाहून वेळ ठरवावी लागते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुराने भिंतींवर काजळीचा डांबरासारखा काळा थर बसला आहे. वारसा म्हणून ही वास्तू हाती घेणाऱ्या एखाद्या उत्साही ठेकेदाराने तो खरवडून चुना फासला, तर इमारत राहील, पण धुरीघर उरणार नाही.

अशा पद्धतीने तयार झालेल्या ‘किपर’चा तांबूस सोनेरी रंग धुरातून येतो. विसाव्या शतकात अनेक उत्पादकांनी धूर देण्याचा वेळ कमी केला आणि रंगाची कसर भरून काढण्यासाठी ‘ब्राउन एफके’ नावाचा कृत्रिम रंग वापरला. क्रास्टरने तो मार्ग पत्करला नाही. इमारतीच्या वयापेक्षा मला ही गोष्ट अधिक मोलाची वाटते.

लेखात राहून गेलेली दुसरी बाब म्हणजे बायकांचे श्रम. हेरिंगचा हंगाम उत्तरेकडून दक्षिणेकडे सरके, तशा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील बायका उत्तरेकडील शेटलंड बेटांपासून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील यारमथपर्यंत बंदरामागून बंदर गाठत. दोघींनी मासा साफ करायचा आणि तिसरीने पिंपात मिठाचे थर देत भरायचा, अशी त्यांची तिघींची टोळी असे. सुरीने कापू नये आणि कापलेल्या जागी मीठ झोंबू नये, म्हणून त्या बोटांना चिंध्या बांधत. क्रास्टरचे बंदर १९०६ मध्ये बांधले गेले ते १९०४ च्या तिबेट मोहिमेत मारल्या गेलेल्या, हिंदुस्थानी फौजेतील कॅप्टन क्रास्टर यांच्या स्मरणार्थ. लेखकाने त्या स्मारकाची आवर्जून दखल घेतली, परंतु या बायकांविषयी एक ओळही लिहिली नाही.

अर्थात, क्रास्टरमध्ये सारे आलबेल आहे असे मला सुचवायचे नाही. बेसुमार मासेमारीने उत्तर समुद्रातील हेरिंग इतके घटले, की १९७७ मध्ये त्याच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली आणि ती पूर्णपणे उठायला १९८३ साल उजाडले. आज या धुरीघरात येणारे हेरिंग नॉर्वेकडून येते आणि मासा चिरण्याचे काम यंत्र करते. घर तेच आणि धूरही तोच असला, तरी समोरच्या समुद्राशी असलेले नाते तुटले आहे. तरीही चालू राहिलेले धुरीघर मला संग्रहालयापेक्षा बरे वाटते. ग्रेट यारमथ येथील १८५० च्या सुमाराचा असाच कारखाना १९८८ मध्ये बंद पडला आणि २००४ मध्ये तेथे संग्रहालय उघडले. भिंतींना धुराचा वास अजून येतो असे सांगतात, पण तेथे मासा टांगला जात नाही. अमेरिकेतील मेन राज्यात लुबेक येथे मॅककर्डी धुरीघर १९९१ मध्ये बंद झाले, दोनच वर्षांत राष्ट्रीय वारसा-नोंदवहीत गेले, आणि मासे खारवण्याची त्याची शेड जानेवारी २०१८ च्या वादळात समुद्राने उचलून पलीकडच्या कॅनडातील कॅम्पोबेलो बेटावर नेऊन टाकली. नोंदवहीतल्या नोंदीने तिला जागच्या जागी धरून ठेवले नाही.

आपल्या किनाऱ्यावर मासा धुरावण्यापेक्षा उन्हात वाळवण्याची परंपरा मोठी आहे. उत्तन, अर्नाळा, वर्सोवा येथे वलांड्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील हे त्याच जातीचे ज्ञान आहे. क्रास्टरला निदान दगडी भिंती आहेत, त्यामुळे वारसा म्हणून बोट दाखवायला काहीतरी सापडते. बांबू आणि दोर यांची वलांडी हंगामापुरती उभी राहते; उरलेले महिने ती जागा कागदोपत्री मोकळीच दिसते आणि मोकळ्या जागेवर सर्वांचा डोळा असतो. मुंबईतील कोळीवाड्यांचे नकाशे तयार करण्याची तरतूद २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत होती. अशा नकाशांत घरांच्या हद्दींबरोबर मासे वाळवण्याची प्रत्येक जागा, तिचा हंगाम आणि ती वापरणाऱ्या कुटुंबांचा हक्क यांची नोंद व्हावी, तसेच ती नोंद करताना तेथे प्रत्यक्ष काम करणाऱ्या बायकांना विचारले जावे, अशी मागणी आपल्या पत्राने संबंधित खात्याकडे लावून धरावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, वसई