तटरक्षक दल : जहाजांइतकीच विमानांचीही मोजणी हवी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर एका नव्या जहाजाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि त्याखाली ‘नौदलाच्या ताफ्यात नवी युद्धनौका’ अशी ओळ होती. छायाचित्रातील जहाज पांढरेशुभ्र होते आणि त्याच्या बाजूवर केशरी व निळा असे तिरके पट्टे होते, म्हणजे ते तटरक्षक दलाचे होते. नौदलाची जहाजे करड्या रंगाची असतात. ही चूक किरकोळ आहे आणि तेवढ्यासाठी पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु त्या बातमीत जहाजाची लांबी, वेग, तोफ आणि किंमत एवढे सगळे असताना, त्या जहाजाच्या मागील भागात जी हेलिकॉप्टर उतरण्याची जागा स्पष्ट दिसत होती, तिच्यावर कोणते हेलिकॉप्टर असणार आहे, हा एकच प्रश्न कोणी विचारलेला नव्हता. उमेदीची वर्षे व्यापारी जहाजांवर अधिकारी म्हणून काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

तटरक्षक दलाचा जन्म तस्करीच्या धास्तीतून आणि समुद्रातल्या तेलाच्या आशेतून झाला, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. साठ-सत्तरच्या दशकांत पश्चिम किनाऱ्यावर चोरट्या मार्गाने सोने उतरत होते, १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडले आणि त्याच सुमारास किनाऱ्याच्या रक्षणाचा विचार करण्यासाठी सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. (रुस्तमजी मूळचे आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे, हे आज फार थोड्यांना ठाऊक असेल.) १ फेब्रुवारी १९७७ रोजी नौदलाकडून मिळालेल्या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच गस्तीबोटी एवढ्या भांडवलावर दलाचे हंगामी काम सुरू झाले आणि पुढच्या वर्षी तटरक्षक कायदा आला. १९८३ मध्ये माझगाव गोदीत बांधलेली ‘विक्रम’ ही गस्तीनौका दलात दाखल झाली. तेव्हापासून गोवा, कोची, विशाखापट्टणम, कोलकाता आणि चेन्नईजवळील कट्टुपल्ली येथील गोद्यांनी दलासाठी जहाजे बांधली आणि आज देशाला या जहाजांसाठी बाहेर हात पसरावा लागत नाही. याचा अभिमान मलाही आहे.

जहाजांचे प्रकारही कामानुसार विचारपूर्वक ठरवलेले आहेत. खोल समुद्रात आठवडेच्या आठवडे राहण्यासाठी सुमारे शंभर मीटर लांबीच्या गस्तीनौका आहेत. किनाऱ्यापासून मध्यम अंतरावर धावाधाव करण्यासाठी पन्नास मीटरच्या आसपासच्या जलद गस्तीनौका असून त्यांतील कित्येकींना पंख्याऐवजी पाण्याचा झोत मागे फेकणारी यंत्रणा असल्याने त्या ताशी तीस सागरी मैलांहून अधिक वेग गाठतात. संशयित होडीचा पाठलाग करण्यासाठी त्याहून लहान इंटरसेप्टर बोटी आहेत, आणि कच्छच्या खाड्यांत, जिथे भरती-ओहोटीच्या मधल्या वेळेत धड पाणीही नसते आणि धड जमीनही नसते, तिथे चिखलावरून सरकणारी हॉवरक्राफ्ट आहेत. समुद्रावर सांडलेले तेल गोळा करण्यासाठी खास बांधलेली पहिली नौका ‘समुद्र प्रहरी’ २०१० च्या ऑक्टोबरमध्ये दाखल झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन तेल पसरले होते आणि कंटेनर तरंगत होते, हे वाचकांना आठवत असेल. नौका दोन महिने आधी मिळाली असती तर, असे तेव्हा अनेकांच्या मनात येऊन गेले. जिने ती नौका बांधली ती खासगी गोदी पुढे दिवाळखोरीत निघाली, पण नौका मात्र आजही चाकरी करीत आहे.

असे असले तरी जहाज कितीही उत्तम असो, त्याच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकले जाते त्या कक्षात, उभ्या असलेल्या माणसाला क्षितिजापलीकडचे दिसत नाही. लाकडी होडीचा प्रतिध्वनी रडारवर क्षीण उमटतो आणि समुद्र खवळलेला असेल तर तो लाटांच्या गर्दीत हरवूनही जातो. भारताचे अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या मासळीवर आणि खनिजांवर फक्त आपला हक्क आहे तो समुद्र, किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर आहे, आणि ज्या सागरी भागातील शोध व बचावाची जबाबदारी आपण स्वीकारली आहे तो सुमारे शेहेचाळीस लाख चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या भूभागापेक्षाही मोठा आहे. ताशी वीस सागरी मैलांनी निघालेल्या गस्तीनौकेला दोनशे मैल गाठायला दहा तास लागतात. डॉर्नियर विमान तिथे सव्वा-दीड तासात पोहोचते. पाण्यात पडलेल्या माणसासाठी या दोन आकड्यांतील फरकाचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

विमानाने शोधायचे आणि जहाजाने गाठायचे, या जोडकामाचे सर्वांत बोलके उदाहरण १९९९ च्या नोव्हेंबरमधले आहे. ‘अलोंड्रा रेनबो’ हे ॲल्युमिनियमने भरलेले मालवाहू जहाज इंडोनेशियाहून जपानकडे निघाले असता चाच्यांनी पळवले, खलाशांना तराफ्यावर सोडून दिले आणि जहाजाला नवा रंग व ‘मेगा रामा’ हे नवे नाव देऊन ते अरबी समुद्राच्या दिशेने हाकले. संशय येताच तटरक्षक दलाच्या विमानाने टेहळणी केली, ‘ताराबाई’ या गस्तीनौकेने पाठलाग केला आणि अखेरीस नौदलाच्या ‘प्रहार’ या युद्धनौकेने मदतीला येऊन ते जहाज ताब्यात घेतले. ताराबाईंच्या नावाची नौका चाच्यांच्या मागे लागली, हा योगायोग मराठी मनाला सुखावणारा आहे खरा. परंतु आकाशातून कोणी पाहिलेच नसते तर ‘ताराबाई’ने पाठलाग तरी कोणाचा केला असता? २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज बुडाले आणि सर्व चोवीस जण वाचले. त्याही वेळी जहाजांच्या बरोबरीने विमान आकाशात होते, आणि तेलाचा तवंग कोणत्या दिशेने सरकतो आहे हे पुढे वरूनच पाहिले जात होते.

मलाही या विमानांचा अनुभव आहे. आम्ही आपल्या सागरी क्षेत्रातून जात असलो की कधी कधी अचानक डोक्यावरून दोन पंख्यांचे ते लहानसे विमान खाली येऊन घिरटी घालीत असे आणि रेडिओच्या सोळा नंबरच्या वाहिनीवर विचारणा होई : जहाजाचे नाव काय, मागचे बंदर कोणते, पुढचे कोणते, माल काय. परदेशी सहकारी कंटाळून उत्तरे देत, पण कोणीतरी लक्ष ठेवून आहे याचा दिलासा त्यांनाही वाटत असे.

हे डॉर्नियर विमान दलाकडे १९८६ पासून आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कानपूर येथील कारखान्यात ते बनते, त्याची उपकरणे वेळोवेळी सुधारली गेली आहेत आणि त्याने केलेल्या कामाला तोड नाही. मात्र ते मुळात लहान विमान आहे आणि त्याचा पल्ला व आकाशात राहण्याचा कालावधी यांना मर्यादा आहेत. याहून मोठे, मध्यम पल्ल्याचे टेहळणी विमान दलाला हवे आहे ही गोष्ट जुनी आहे. तरीही नौदलासाठी नऊ आणि तटरक्षक दलासाठी सहा अशा पंधरा विमानांच्या खरेदीला संरक्षण मंत्रालयाच्या परिषदेची प्राथमिक मंजुरी मिळायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. मंजुरी आणि प्रत्यक्ष विमान यांच्यामध्ये आपल्याकडे किती पावसाळे जातात, याचा अनुभव सर्वांना आहेच.

हेलिकॉप्टरांची कथा याहून क्लेशदायक आहे. ‘चेतक’ची रचना १९५० च्या दशकाच्या अखेरची. या हेलिकॉप्टराने असंख्य जीव वाचवले आहेत. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात पालघरच्या किनाऱ्यावर अडकलेल्या ‘गाल कन्स्ट्रक्टर’ या तराफ्यावरील १३७ जणांच्या सुटकेतही चेतकांचा वाटा होता. परंतु त्याला एकच इंजिन आहे आणि रात्रीच्या अंधारात, वादळी वाऱ्यात, खोल समुद्रावर एका जागी तरंगत राहून माणूस वर ओढून घेण्याच्या कामी त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवणे त्याच्यावर आणि वैमानिकांवर अन्याय करणारे आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी दोन इंजिनांचे ‘ध्रुव’ आले. २ सप्टेंबर २०२४ रोजी एका टँकरवरील जखमी खलाशाला उचलून आणण्यासाठी निघालेले ध्रुव पोरबंदरजवळ समुद्रात कोसळले आणि तिघांनी प्राण गमावले. पुढे ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरच्याच धावपट्टीवर दुसरे कोसळले आणि पुन्हा तिघे गेले. त्यानंतर सर्वच सेनादलांची ध्रुव हेलिकॉप्टरे जमिनीवर ठेवण्यात आली. भूदल व हवाई दलाची काही महिन्यांनी उडू लागली, तेव्हाही समुद्रावर काम करणारी नौदलाची व तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरे थांबूनच राहिली. दोष सापडेपर्यंत उड्डाणे बंद ठेवण्याचा निर्णय सर्वथा योग्य होता. प्रश्न असा आहे की, एका प्रकारचे हेलिकॉप्टर थांबले की बचावकार्याचा आधारच निसटावा, इतकी आपली व्यवस्था तुटपुंजी का ठेवली गेली?

आता आकड्यांकडे पाहू. सरकारने अलीकडच्या काळात सांगितलेल्या हिशेबानुसार दलाकडे १५२ जहाजे आणि ७८ विमाने-हेलिकॉप्टरे होती, आणि २०३० पर्यंत २०० जहाजे व १०० विमाने हे लक्ष्य आहे. जहाजांच्या बाबतीत कामाला वेग आहे : माझगाव गोदीशी २०२३ च्या डिसेंबरमध्ये सहा मोठ्या गस्तीनौकांसाठी सुमारे १,६१४ कोटी रुपयांचा आणि पुढच्याच महिन्यात चौदा जलद गस्तीनौकांसाठी सुमारे १,०७० कोटी रुपयांचा करार झाला. विमानांच्या आकड्यात मात्र डॉर्नियरही मोजले जाते, साठ वर्षे जुन्या रचनेचे चेतकही मोजले जाते आणि कारखान्यात किंवा हँगरमध्ये थांबलेले ध्रुवही मोजले जाते. मोठी गस्तीनौका हेलिकॉप्टरविना निघाली की तिच्या मागच्या बाजूची ती प्रशस्त जागा म्हणजे नुसते अंगण राहते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तटरक्षक दलाने वर्षातून एकदा, गोपनीयतेला बाधा न येता, एवढे तरी जाहीर करावे की बचावाच्या कामासाठी किती हेलिकॉप्टरे प्रत्यक्ष उडण्याच्या स्थितीत होती, त्यांतील किती रात्री काम करू शकत होती आणि विमानांनी टेहळणीचे किती तास पूर्ण केले. रत्नागिरीला दलाचा हवाई तळ आहे. तिथे पावसाळ्याच्या तोंडाशी आणि ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात उतरताना बचावासाठी सज्ज असलेले हेलिकॉप्टर कायम असते का, हे विचारण्याचा अधिकार आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, आहे. १५५४ हा दलाचा मदतक्रमांक मच्छीमारांना पाठ करायला सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. त्या क्रमांकावर फोन वाजल्यानंतर काय उडणार आहे, तेही त्यांना कळले पाहिजे.

आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे की, पुढच्या वेळी नव्या जहाजाच्या समारंभाला गेल्यावर त्यांनी तोफेचे छायाचित्र जरूर घ्यावे, पण मागच्या बाजूलाही एक फेरी मारावी आणि तिथे काय उभे आहे ते पाहून यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त व्यापारी नौदल अधिकारी,
अलिबाग, जि. रायगड