परदेशातील इंग्रजीचे क्लास आणि कोकणातील शिक्षक

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या दोन-तीन वर्षांपासून आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत ‘परदेशात इंग्रजी शिक्षक पाहिजेत, अनुभवाची अट नाही, राहण्याची सोय, व्हिसा त्वरित’ अशा मजकुराच्या चौकटी अधूनमधून दिसतात. खाली फक्त एक मोबाइल क्रमांक असतो. संस्थेचे नाव, पत्ता किंवा नोंदणी क्रमांक यांतले काहीही नसते. दापोली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालो. माझ्या हाताखालून गेलेली निदान सहा मुले अशा जाहिरातींच्या किंवा ओळखीतल्या दलालांच्या मार्फत परदेशातील खासगी भाषावर्गांत शिकवायला गेली. त्यांतल्या एकीच्या बाबतीत जे घडले ते तिच्या परवानगीने, तिचे आणि इतर कोणाचेही नाव न घेता, येथे मांडत आहे.

ही मुले का जातात, हे कोकणात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. एम. ए., बी. एड. झालेली मुलगी तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि उन्हाळ्याच्या सुटीचे पैसे तिला मिळत नाहीत. विनाअनुदानित शाळेत पगार कधी होईल ते संस्थाचालकांच्या सवडीवर असते. शिक्षणसेवक म्हणून निवड झालीच, तर माध्यमिक शाळेत महिना 18,000 रुपये मानधन मिळते आणि तेही 2023 मध्ये वाढवले म्हणून. आमच्या आजोबांच्या पिढीने गिरण्यांत जाऊन घरी मनीऑर्डरी पाठवल्या, वडिलांच्या पिढीतले खेड-मंडणगडचे लोक आखातात गेले, कित्येक जण जहाजांवर गेले. त्यामुळे घरातले शिकलेले मूल परदेशी शिकवायला निघाले, तर गावाला त्याचा अभिमानच वाटतो, आणि तो वाटावा असेच मलाही वाटते.

माझी ही विद्यार्थिनी ईशान्य थायलंडमधील एका शहरात मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या खासगी वर्गात गेली. दलालाने तिच्याकडून 1,20,000 रुपये घेतले. त्यासाठी तिच्या आईने पतसंस्थेत पाटल्या गहाण ठेवल्या. करारात महिना 25,000 बाट आणि आठवड्याला वीस तासिका असे लिहिले होते; एक बाट सुमारे अडीच रुपयांचा धरला तर ही रक्कम आमच्याकडच्या कोणत्याही तासिकेच्या नोकरीपेक्षा मोठी होती. प्रत्यक्षात दुपारी बारापासून रात्री आठपर्यंत वर्गात हजर राहावे लागे आणि शनिवार-रविवारी तर पूर्ण दिवस, कारण शाळकरी मुले शिकायला येतात ती त्याच वेळी. त्या तासांपैकी पैसे फक्त प्रत्यक्ष शिकवलेल्या तासिकांचे मिळत. पाठाची तयारी, वह्या तपासणे, पालकांसमोर नमुना पाठ घेणे, बाजारात उभे राहून पत्रके वाटणे हे सारे ‘कामाचा भाग’ म्हणून फुकटात जाई. एखाद्या मुलाने ऐन वेळी तास रद्द केला, तर तिची तासिकाही कापली जाई. पहिल्या महिन्यात तिच्या हातात सुमारे 16,000 बाट आले. त्यापुढच्या तीन महिन्यांत ‘अनामत’ म्हणून आणखी 10,000 कापले गेले आणि ते तिला कधीच परत मिळाले नाहीत.

याहून गंभीर प्रश्न कागदपत्रांचा होता. थायलंडमध्ये शिकवायचे तर नोकरीसाठीचा व्हिसा आणि त्यावर कामाचा परवाना असे दोन्ही लागते. तिला मात्र पर्यटक म्हणून नेले आणि ‘तिथे गेल्यावर बदलून देऊ’ असे सांगितले. दोन महिन्यांनी तिला नोंग खाय येथील पुलावरून लाओसमध्ये व्हिएंतियानला पाठवले गेले. सोबत दिलेले कागद अपुरे होते, म्हणून ती पुन्हा पर्यटक म्हणूनच परत आली. परतल्यावर वर्गचालकांनी ‘कार्यालयात ठेवतो’ म्हणून तिचा पासपोर्ट काढून घेतला. भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते आणि तो अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही मालकाला नाही, हे तिला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर तोपर्यंत मलाही नीट ठाऊक नव्हते. परवान्याशिवाय काम करताना परदेशी माणूस सापडला, तर तिथल्या कायद्याने 5,000 ते 50,000 बाट दंड होतो आणि त्याला देशाबाहेर काढले जाते. दंड मालकालाही होतो, पण हद्दपार होतो तो शिक्षकच. श्रावणातल्या एका संध्याकाळी तिचा फोन आला. ती कुजबुजत बोलत होती. “सर, तपासणीवाले आलेत, मला मागच्या जिन्यात उभं राहायला सांगितलंय. बाबांना एवढ्यात काही सांगू नका.” पंचेचाळीस मिनिटे ती त्या जिन्यात उभी होती आणि तिच्या वर्गातली दहा मुले बाईंची वाट पाहत बसली होती. बी. एड. ला पहिल्या वर्गात आलेल्या मुलीला शिकवण्याचे काम लपून करावे लागले, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर इंग्रजी नाव छापले होते आणि पालकांनी विचारले तर ‘लहानपण लंडनमध्ये गेले’ असे सांगावे, अशी तिला सूचना होती. शेजारच्या वर्गात दक्षिण आफ्रिकेतून आलेला एक तरुण तेच पुस्तक शिकवत होता. त्याच्याकडे अध्यापनाची पदवी नसताना त्याला तिच्या दीडपटीहून अधिक पगार ठरला होता. मात्र त्याचेही शेवटचे दोन पगार थकले आणि त्याचाही व्हिसा पर्यटकाचाच होता. तिला पासपोर्ट परत मिळवून देण्यासाठी वर्गचालकांच्या दारात तिच्याबरोबर उभा राहिला तो हाच तरुण. सात महिन्यांनी ती परत आली, ती दोन महिन्यांचा पगार तिथेच सोडून.

हे एका वर्गाचे किंवा एका देशाचे दुखणे नाही. असे खासगी भाषावर्ग विद्यार्थ्यांकडून वर्षभराची फी आगाऊ घेतात आणि तो पैसा नव्या शाखा काढण्यात घालतात. प्रवेश कमी झाले की सर्वांत आधी थांबतो तो शिक्षकांचा पगार. जपानमधील इंग्रजी वर्गांची सर्वांत मोठी साखळी असलेली ‘नोव्हा’ ऑक्टोबर 2007 मध्ये कोसळली, तेव्हा हजारो परदेशी शिक्षकांचे पगार बुडाले. घरभाडे कंपनी पगारातून कापत होती, पण ते घरमालकांपर्यंत पोहोचलेच नव्हते, त्यामुळे अनेकांवर राहते घर सोडण्याची वेळ आली. 2010 मध्ये ‘जिऑस’ ही दुसरी मोठी साखळी दिवाळखोरीत गेली. दक्षिण कोरियात एक वर्ष पूर्ण केलेल्या नोकरदाराला दर वर्षामागे एका महिन्याचा पगार नोकरी सुटताना वेगळा द्यावा लागतो, आणि तो चुकवण्यासाठी अकराव्या महिन्यात शिक्षकाला काढून टाकल्याच्या तक्रारी तिथे फार जुन्या आहेत. चीनने जुलै 2021 मध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि भरभराटीला आलेला एक अख्खा व्यवसाय काही महिन्यांत आक्रसला. हे सोसणारे बहुतेक शिक्षक ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथले होते. ज्यांना सगळे दरवाजे उघडे असतात, त्यांची ही गत.

आपल्या मुलांना तर तो दरवाजाच अर्धा बंद असतो. कोरियातील खासगी वर्गांत इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा इंग्रजी मातृभाषेच्या सात ठरावीक देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि त्यांत भारत नाही. (2010 पासून लागू असलेल्या भारत-कोरिया करारात भारतीय शिक्षकांना तिथल्या शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे, पण ती आमच्या मुलांपर्यंत कोणी पोहोचवत नाही.) कायद्याचा रस्ता असा अरुंद असल्यामुळेच पर्यटक व्हिसाच्या चोरवाटेवर दलालांचे फावते.

परत आल्यावर एके दिवशी तिने मला घरी बोलावले. तिचे काका जहाजावर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, आहेत आणि तेव्हा ते सुटीवर आले होते. त्यांनी ओटीवर चटई अंथरून आपला जहाजावरचा करार आणि पुतणीचा करार शेजारी शेजारी ठेवला. काकांच्या करारात पगार, जादा कामाचे पैसे, विश्रांतीचे तास, आजारपण, घरी परत पाठवण्याचा खर्च, सारे स्वतंत्र कलमांत होते. पुतणीचा करार दीड पानाचा होता. त्यात वर्गचालकांना कधीही काढून टाकण्याची मुभा होती आणि तिने आधी नोकरी सोडली तर तिला दंड होता. थाई भाषेतला मजकूर अंतिम मानला जाईल, असे शेवटी लिहिले होते आणि त्यातले एक अक्षरही तिला वाचता येत नव्हते. काका कागद खाली ठेवून एवढेच म्हणाले, “बाळा, याच्यावर सही कशी केलीस?”

खलाशाला हे संरक्षण आपोआप मिळालेले नाही. 2006 चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार झाला, भारताने तो 2015 मध्ये स्वीकारला, आणि 2017 पासून तर खलाशाला वाऱ्यावर सोडल्यास चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार आणि घरी परतण्याचा खर्च देण्यासाठी जहाजमालकाला आर्थिक हमी ठेवावी लागते. त्या हमीचे प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल असे लावावे लागते. खलाशांची भरती करणाऱ्याला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्यास मनाई आहे. फसवणूक तिथेही होते, हे आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना चांगले माहीत आहे. पण फसवणूक झाली तर बोट कुठे ठेवायचे, ते तिथे ठरलेले आहे.

शिक्षकाच्या बाबतीत आपल्याच व्यवस्थेत एक विचित्र पोकळी आहे. दहावी न झालेला गवंडी थायलंडला किंवा आखाती देशांत कामाला निघाला, तर त्याला उत्प्रवास संरक्षकांची, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांचे कागद पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांची, मंजुरी घ्यावी लागते, त्याचा करार तपासला जातो आणि 10 लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीने उतरवला जातो. परिचारिका सोडल्या, तर दहावी उत्तीर्ण झालेल्यांना या मंजुरीची गरज नाही. शिकलेला माणूस स्वतःची काळजी घेईल, असे त्यामागे गृहीत धरलेले आहे. माझ्या विद्यार्थिनीकडे दोन पदव्या होत्या, म्हणूनच तिचा करार कोणीही वाचला नाही. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते आणि उमेदवाराकडून 30,000 रुपये व त्यावरील जीएसटी यांपेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. तिच्याकडून त्याच्या चौपट घेतले गेले आणि पावती मिळाली नाही. सप्टेंबर 2022 मध्ये थायलंडमधील नोकरीच्या आमिषाने भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्याचे उघड झाले आणि परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला. त्यानंतर तरी जिल्हा पातळीवर काही हालचाल व्हावी, अशी माझी अपेक्षा होती.

शासनाकडे माझी मागणी मोठी नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत, जिल्हाधिकारी कार्यालयातच, परदेशी नोकरीचा करार तपासून देणारा एक जाणकार कर्मचारी आठवड्यातून एक दिवस बसवावा. उत्प्रवास संरक्षकांच्या कार्यालयासाठी मुंबई गाठणे दापोली-मंडणगडच्या मुलीला एक दिवसाचा पगार आणि एक रात्रीचा प्रवास घालवल्याशिवाय जमत नाही. शिक्षकांसारख्या शिकलेल्या उमेदवारांचीही परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर नोंद करून घ्यावी, म्हणजे निदान कोण कुठे गेले आहे, हे आपल्या दूतावासाला कळेल.

आपल्याकडे माझी विनंती याहून साधी आहे. परदेशी नोकरीची जाहिरात स्वीकारताना आपल्या जाहिरात विभागाने भरती संस्थेचा नोंदणी क्रमांक मागावा, तो ‘ई-मायग्रेट’च्या संकेतस्थळावरील यादीत पडताळून पाहावा आणि जाहिरातीतच छापावा. जो क्रमांक देणार नाही, त्याची जाहिरात घेऊ नये. यात आपले काही उत्पन्न बुडेल याची मला जाणीव आहे. पण आमच्याकडे छापून आलेल्या शब्दावर अजूनही लोकांचा विश्वास आहे, आणि माझ्या विद्यार्थिनीच्या आईने त्या जाहिरातीचे कात्रण कापून देव्हाऱ्याजवळ ठेवले होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

ती मुलगी आता चिपळूणला एका शाळेत शिकवते. आईच्या पाटल्या अजून सुटायच्या आहेत. आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत ती, तिचे काका सुटीवर असले तर ते, आणि मी असे बसतो. परदेशी शिकवायला निघालेल्या कोणीही सही करण्यापूर्वी आपला करार घेऊन यावे. आम्ही त्याची सर्व कलमे सोबत बसून वाचू आणि नोकरीचा व्हिसा हातात पडल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नका, एवढे तरी नक्की सांगू.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक
ता. दापोली, जि. रत्नागिरी