हिमोफिलियाच्या घरातल्या बायकांचंही रक्त तपासा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी ठाण्याजवळ कळव्यात राहते. माझ्या भावाला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार आहे. त्याची नोंद आहे, त्याला रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठ या प्रथिनाचं इंजेक्शन मिळतं, त्याबद्दल शासनाचे आभारच मानते. हे पत्र बहिणीसाठी आहे. तिची अक्कलदाढ काढली त्या दिवशी रात्रीपर्यंत कापसाचे बोळे भिजत होते, उशीचा अभ्रा लाल झाला होता. दवाखान्यात सांगितलं, ‘भावाला आहे ना? मग तुम्ही नुसत्या वाहक. बायकांना हा आजार होत नाही.’ शेवटी परळला जाऊन तपासणी केली. तिची फॅक्टर पातळी २८ टक्के निघाली, माझी ६४. सदोष जनुक मात्र दोघींकडे तेच.

असं का होतं, हे विज्ञानाला १९६१ पासून ठाऊक आहे. उंदरांच्या माद्यांच्या अंगावरचे दुरंगी ठिपके पाहून इंग्लंडच्या मेरी लायन यांनी मांडलं की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद होतं. गर्भ अगदी लहान असतानाच हे घडतं. कुठलं बंद पडेल याचा नेम नाही, पण एकदा पडलं की त्या पेशीपासून निघालेल्या सगळ्या पेशींत तेच बंद राहतं. ते बंद करणारं एक्सआयएसटी हे जनुक १९९१ मध्ये सापडलं. त्यापासून प्रथिन बनतच नाही. त्याचा आरएनए त्या गुणसूत्राला लपेटतो आणि त्यावरची बहुतेक जनुकं गप्प होतात.

फॅक्टर आठचं जनुक याच एक्स गुणसूत्रावर असतं. आता यकृतातल्या ज्या पेशींत निरोगी एक्स बंद पडला, त्या कामाचा फॅक्टर बनवू शकत नाहीत. माझ्या बहिणीत अशा पेशी जास्त निघाल्या, माझ्यात कमी.

पातळी ४० टक्क्यांच्या खाली असलेल्या स्त्रीला हिमोफिलियाच आहे असं म्हणावं, असं या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०२१ मध्ये ठरवलं. आपल्याकडे अजून वाहक म्हणून विषय संपतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी नेहमीची एपीटीटी तपासणी सौम्य कमतरतेत नॉर्मल येऊ शकते. त्यात गरोदरपणी फॅक्टर आठ वाढतो, बाळंतपणानंतर उतरतो. म्हणजे बाई रुग्णालयात असताना सगळं ठीक, आणि घरी गेल्यावर रक्तस्राव. मला सगळ्यात भीती याची वाटते.

म्हणून मागणी एवढीच. हिमोफिलियाचा रुग्ण नोंदवला की त्याची आई, बहिणी, मुली यांची फॅक्टर पातळी शासनाने मोफत तपासावी आणि गरोदर बाईच्या कार्डावर ती ठळक लिहावी. रक्तद्रव (प्लाझ्मा) वेगळा करून, गोठवून प्रयोगशाळेत पाठवता येतो, त्यासाठी बाईने स्वतः जायची गरज नाही. मुरबाडला तर रेल्वेसुद्धा नाही. तिथल्या बाईने एसटीने कल्याण आणि पुढे लोकलने परळ गाठायचं, तेही दिवसाचा रोज बुडवून?

येत्या पावसाळी अधिवेशनाच्या आत ठाणे जिल्ह्यापासून सुरुवात करावी, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
कळव्याची एक रहिवासी