मोडी पत्र लॅमिनेट करून पाठवल्याबद्दल तक्रार

लष्कर, ग्वाल्हेर

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: लॉट क्र. ११४, महादजी शिंदे यांच्या दफ्तरातील मोडी पत्र.

महोदय,

आपल्या मे महिन्यातल्या ऑनलाइन लिलावात वरील पत्र मी ४६,००० रुपयांना घेतले. आपले कमिशन आणि जीएसटी वेगळा. पैसे त्याच रात्री भरले. नऊ दिवसांनी पार्सल आले, ते उघडले तर हातात पत्राऐवजी हॉटेलच्या मेनूकार्डासारखे काहीतरी आले. कडक, चकचकीत, चारही कोपरे गोल कापलेले. पत्राची पाठ काळ्या पुठ्ठ्याला चिकटवलेली आणि दोन्ही मिळून प्लॅस्टिकमध्ये दाबलेली. सोबत चिठ्ठी होती: ‘आपल्या संग्रहाच्या सुरक्षेसाठी मोफत लॅमिनेशन, आमच्याकडून भेट.’

ही भेट मी मागितली नव्हती. लॉटच्या वर्णनातही तिचा उल्लेख नव्हता.

मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. मोडी वडिलांनी शिकवली. गेली बावीस वर्षे मला परवडतील तशी जुनी पत्रे घेते आहे, आजवर एकतीस जमली. यात सह्यांचा हव्यास नाही. मराठी पत्रात आजच्यासारखी सही शोधणाराच फसतो. मजकूर कारकुनाच्या हातचा असतो. वर शिक्का, शेवटी मोर्तब, आणि क्वचित कुठे धन्याने स्वतः लिहिलेले दोन शब्द. म्हणून मी आधी पत्र उलटे करते. पत्र पोचले की तिकडचा कारकून पाठीवर ‘पै॥’ म्हणजे पैवस्ता असे लिहून कोणत्या तारखेला मिळाले ते टाकायचा. पत्र निघाले कधी ते पुढे कळते, पोचले कधी ते मागे. मधले दिवस मोजले की पत्र नेणारा जासूद किती धावला, पावसाने कुठे अडला, याचा अंदाज बांधता येतो. माझ्यासाठी पत्राची अर्धी किंमत त्या पाठीत असते.

तुमच्या कॅटलॉगमध्ये पाठीचा एक छोटा फोटो होता. त्यात ‘पै॥’ स्पष्ट दिसत होते, पुढची तारीख पुसट. कागद हातात आला की भिंगाखाली वाचू, म्हणून मी बोली वाढवत नेली. आज ती तारीख काळ्या पुठ्ठ्याच्या आणि डिंकाच्या मागे आहे.

पुढच्या बाजूचे काय झाले तेही सांगते. तो हातकागद आहे. उजेडात धरला की साच्याच्या काड्यांच्या रेषा दिसायला हव्यात. पुठ्ठ्यामुळे आता उजेड आरपार जात नाही. बोरूने लिहून झाल्यावर शाई सुकवायला वाळू टाकत. तिचे कण अजून अक्षरांना चिकटलेले असतात आणि पत्र तिरके धरले की चमकतात. तुमच्याच फोटोत ते चमकत होते. रोलरमधून निघाल्यावर त्यांच्या जागी बुडबुडे आले आहेत. त्या प्लॅस्टिकच्या आतल्या थराचा गोंद उष्णतेने वितळतो आणि कागदाच्या धाग्यांत शिरतो. तो सोडवायचा तर द्रावण वापरावे लागते आणि त्यात शाई टिकेलच असे नाही. त्यातून हे पार्सल ज्येष्ठातल्या ग्वाल्हेरच्या उन्हात कुरिअरच्या टेम्पोत फिरत होते.

आमच्या आजोबांकडे आलेली पत्रे तारेला टोचून ठेवायची पद्धत होती. त्याने कागदाला एक भोक पडे, बस. दफ्तरातले कागद रुमालात बांधत, कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी ठेवत. त्या व्यवस्थेत हे पत्र सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ शाबूत राहिले.

आपल्या ग्राहक सेवेतला मुलगा फोनवर नम्र होता, त्याच्यावर माझा राग नाही. तो म्हणाला, “मॅडम, लॅमिनेशनने लाइफ वाढते. सरकारी अभिलेखागारातही करतात.” अर्धे खरे आहे. आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने जी पद्धत बसवली, तिच्यात सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पातळ पापुद्रा आणि टिश्यू कागद अ‍ॅसिटोनने हाताने बसवतात. उष्णता लागत नाही आणि गरज पडल्यास ते पुन्हा उतरवता येते. नुसता सांभाळायचाच असेल तर कागद पॉलिएस्टरच्या दोन पारदर्शक तावांमध्ये सुटा ठेवून फक्त कडा बंद करतात, उद्या कड कापली की कागद मोकळा. झेरॉक्सच्या दुकानातल्या मशीनशी याचा संबंध नाही.

आता प्रमाणपत्र. त्यात लिपी ‘देवनागरी’ लिहिली आहे. पत्र ‘संपूर्ण स्वहस्ताक्षरात’ असल्याचे म्हटले आहे आणि वर्ष १७७९, ‘वडगावच्या लढाईचे वर्ष’. पत्राच्या शेवटी ‘छ ७ रजब, सु॥ सलास तिसैन मया व अलफ’ आहे. ‘छ’ म्हणजे चंद्राची तारीख, रजब हा हिजरी महिना, आणि पुढे अरबी शब्दांत वर्ष. तीन, नव्वद, शंभर, हजार, म्हणजे ११९३. आपल्या तज्ज्ञांनी ते हिजरी धरले, म्हणून १७७९ आले. हा शुहूर सन आहे, मराठी दफ्तरांत चालणारा. त्यात ५९९ मिळवा, १७९२ येते. सन मृगाला सुरू होतो, त्यामुळे त्यातला रजब १७९३च्या फेब्रुवारीत पडतो. तेव्हा महादजी पुण्यात होते, आणि पुढच्याच फेब्रुवारीत, १२ तारखेला, वानवडीला वारले. मजकूर आहे घोड्यांच्या दाण्या-वैरणीचा. वडगावचा त्यात काही संबंध नाही, वडगावच्या नावावर बोली मात्र चढली. तरी ही चूक मी पोटात घातली असती. खरे सांगायचे तर पुण्यातल्या त्या शेवटच्या मुक्कामातला कागद मला लढाईच्या कागदाहून प्रिय आहे. तारीख दुरुस्त करता येते, डिंक इतक्या सहज निघत नाही.

तुमची ‘परत करा, पैसे घ्या’ ही तयारी मला मान्य नाही. परत गेलेले पत्र पुढच्या लिलावात ‘लॅमिनेटेड, उत्तम स्थिती’ म्हणून दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडेल. मला पुढील गोष्टी हव्या आहेत. लॅमिनेशनपूर्वी काढलेले दोन्ही बाजूंचे मूळ फोटो, पूर्ण आकारात. ‘डिलीट झाले’ हे उत्तर चालणार नाही, कॅटलॉगचा फोटो कुठून तरी आलाच असेल. प्लॅस्टिक आणि पुठ्ठा सोडवण्याचा खर्च, मी निवडलेल्या जतनतज्ज्ञाकडे. दुरुस्त प्रमाणपत्र. आणि ७५ वर्षांपुढची ऐतिहासिक हस्तलिखिते १९७२च्या पुरावशेष कायद्यात येतात, तेव्हा त्यांच्या विक्रीसाठी तुमच्याकडे असलेल्या परवान्याचा क्रमांक, जो पावतीवर नाही.

त्याच लिलावातली बाकीची पत्रे अजून रवाना झाली नसतील तर कृपा करून मशीन आजच बंद करा. लॉट ११५ आणि ११८ कोणी घेतले मला ठाऊक नाही, पण त्यांच्याही पाठीवर शेरे होते.

तीस दिवसांत लेखी उत्तर न आल्यास २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली मी इथल्याच जिल्हा आयोगाकडे जाईन. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, कॅटलॉगचे पान आणि पावती जोडली आहे.

परतीच्या पार्सलसाठी उद्या तुमचा कुरिअरवाला येणार असल्याचा मेसेज आला आहे. उन्हातून येईल, त्याला पाणी देईन. पत्र देणार नाही.

कळावे,
आपली ग्राहक
(सही)