रामदरबाराची नाणी कंपनीची नव्हेत

एका बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ आणि दुसऱ्या बाजूला रामदरबार किंवा हनुमान, अशी तांब्याची नाणी पुण्याच्या जुन्या बाजारात आणि आता मोबाइलवरही ‘दुर्मीळ’ म्हणून खपवली जातात. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. देवघरात ठेवायला कोणी घेतली तर हरकत नाही, पण त्यासाठी हजारो रुपये मोजू नयेत.

राणी छाप, राजा छाप म्हणजे व्हिक्टोरिया राणी किंवा नंतरच्या ब्रिटिश राजांचे चित्र असलेल्या चांदीच्या रुपयांत फसवणूक अधिक सफाईने होते. खरा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एका जुन्या तोळ्याचा (आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याचा नव्हे). झिजलेला किंचित हलका भरेल, दोन ग्रॅमने नाही. चुंबकाला चिकटला नाही म्हणून चांदीचा, हे विक्रेत्यांचे आवडते प्रात्यक्षिक निरर्थक आहे; पितळ आणि जर्मन सिल्व्हर (नावात चांदी असली तरी तांबे, निकेल व जस्ताचा मिश्रधातू) हेही चिकटत नाहीत. त्यापेक्षा भिंग लावावे. टांकसाळीत ठशाने पाडलेल्या नाण्याची अक्षरे धारदार असतात. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक छिद्रे, बोथट अक्षरे आणि पुष्कळदा कडेवर सांध्याची रेघ दिसते. १९३९चा रुपया दुर्मीळ असल्याने १९३८च्या नाण्यातला शेवटचा आकडा कोरून बदलणारेही आहेत. तिथे आकड्याभोवतीचा पृष्ठभाग नीट पाहावा.

जुनी नाणी विकून देतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांबद्दल बँकेने २०२१मध्येच सावध केले होते. नकला विकायच्याच असतील, तर त्यांवर ‘प्रतिकृती’ असा ठळक शिक्का सक्तीचा करावा.

– एक नाणेसंग्राहक, पुणे