हिरवी केळी उन्हाळ्यात बसत नाही का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरने 'खान्देशचा उन्हाळा' विषयावर जी फोटो स्पर्धा घेतली तिचा निकाल रविवारी वाचला आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय, म्हणून लिहितोय. आधीच सांगून टाकतो की माझ्या भाचीने पण फोटो पाठवला होता आणि तो बाद झाला. भाचीसाठी भांडतोय असं कोणी म्हणेल तर म्हणू द्या, थोडं खरं पण आहे ते. पण मी यावल तालुक्यात गेली पंचवीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवतो, रोलच्या जमान्यापासून, त्यामुळे फोटो बघायची थोडी सवय आहे.

भाचीचा फोटो असा की केळीचा बाग, दुपारची वेळ, आणि एक बाई घडावर केळीची वाळलेली पानं बांधतेय. बस एवढंच. परीक्षकांचं उत्तर आलं, 'फोटो चांगला आहे पण थीमशी सुसंगत नाही, पावसाळी वाटतो.' का तर हिरवं दिसलं! अहो साहेब, रावेर यावल चोपडा पट्ट्यात मे महिन्यात हिरवं काय दिसतं तर केळीच दिसते. मृगबागेचे, म्हणजे मृगाच्या सुमारास लावलेल्या केळीचे, घड त्याच वेळेला झाडावर असतात, ऊन चाळीसच्या वर गेलं की पानांच्या कडा करपतात, गरम वाऱ्याने पानं फाटतात, घड सटकतात, म्हणून तर लोक घडाला वाळकी पानं गुंडाळतात, वारा अडवायला बांधाला शेवरीची झाडं लावतात, पश्चिमेकडून हिरवी नेट बांधतात. त्या फोटोत पानांच्या जळालेल्या कडा स्पष्ट दिसतायत, मागे नेट पण दिसतेय. स्टुडिओत बसलेल्या आमच्या शेजारच्या काकांना दाखवला तर ते म्हणाले, 'अरे, उन्हायात केयी हिरवी नही राहीन तं आपुन खाऊ काय?' त्यांना कोणी थीम समजावून सांगितली नव्हती.

आणि सगळ्यात भारी म्हणजे सावली. त्या बाईची सावली तिच्या पायाखाली आहे, बाजूला नाहीच. आपल्या जळगाव भागात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मे च्या शेवटच्या आठवड्यात, २५-२६ तारखेच्या आसपास, आणि मग परत जुलैच्या मध्याला, तेव्हा ढग असतात. म्हणजे एवढी स्वच्छ, पायाखालची सावली हिवाळ्यात कितीही डोकं आपटलं तरी मिळत नाही. उन्हाळ्याचा याच्यापेक्षा मोठा पुरावा अजून काय द्यायचा, फोटोला थर्मामीटर बांधायचं का?

बरं, आता पहिल्या नंबरचा फोटो. भेगाळलेली काळी जमीन आणि त्यावर उभा एक पोरगा, फोटो म्हणून झकास आहे, ज्याने काढला त्याला हात चांगला आहे, मला त्याच्याबद्दल काही बोलायचं नाही. पण फोटोच्या उजव्या कोपऱ्यात नीट बघा साहेब. पांढरीशुभ्र फुटलेली कपाशी आहे आणि तिच्या मागे कमरेएवढी हिरवीगार दादर, म्हणजे आमच्याकडची ज्वारी, उभी आहे. दादर मे मध्ये? दादर आपल्याकडे रब्बीचं पीक, ती तोपर्यंत कापून, मळून, कणगीत पडलेली असते. कोणी म्हणेल कपाशी फरदडची, म्हणजे वेचणी झाल्यावर पाणी देऊन परत धरलेली असेल, पण फरदडला अशी बोंडं नसतात आणि मे मध्ये लोकांनी रान नांगरून टाकलेलं असतं. म्हणजे हा फोटो दिवाळीनंतरचा आहे, नोव्हेंबर डिसेंबरचा. काळी जमीन पाऊस उघडला की तेव्हापासूनच भेगा पाडायला लागते हे इथल्या पोरालाही माहीत आहे, पण बाहेरच्या माणसाच्या डोक्यात भेगा म्हणजे दुष्काळ आणि दुष्काळ म्हणजे उन्हाळा असं बसलेलं असतं. तर हिवाळ्याच्या फोटोला उन्हाळ्याचं बक्षीस आणि उन्हाळ्याचा फोटो पावसाळ्यात ढकलला, असा हा सगळा प्रकार झाला.

असं मोठमोठ्या ठिकाणी पण होतं, हे मान्य. २०१५ ला वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत इटलीच्या जिओव्हानी त्रोइलोला बेल्जियमच्या शार्लरुआ गावावरच्या फोटोंसाठी बक्षीस दिलं आणि नंतर कळलं की त्यातला एक फोटो त्या गावातला नाहीच, ब्रसेल्सचा आहे, बक्षीस काढून घेतलं. आणि २०२४ ला तर उलटंच झालं, माइल्स अ‍ॅस्ट्रे नावाच्या फोटोग्राफरने दुसऱ्या एका स्पर्धेत एआयच्या गटात चक्क खरा फ्लेमिंगोचा फोटो पाठवला, मान पोटाखाली घातलेला, बिनमुंडीचा दिसणारा, आणि परीक्षकांनी त्याला तिसरा नंबर दिला! त्याने स्वतःच सांगितलं की हा खरा आहे, मग बाद केला. तो बाद करणं मला पटतं, गट एआयचा होता ना. पण तिथे निदान नियम काय होता ते सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या जाहिरातीत नुसतं 'खान्देशचा उन्हाळा' एवढंच लिहिलं होतं. फोटो उन्हाळ्यात काढलेला पाहिजे की उन्हाळा वाटला पाहिजे, हे कुठेच नाही. आणि या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या चाळीसगावचे जुने फोटोग्राफर केकी मूस घ्या. घराच्या बाहेर न पडता टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून असं दृश्य उभं करायचे की बघणाऱ्याला खरंच कुठलातरी डोंगर, कुठलीतरी वाट वाटावी. आज त्यांनी 'निसर्ग' थीमला तसा फोटो पाठवला तर काय करायचं? मी म्हणतो थीम कल्पनेची असेल तर पहिला नंबर, आणि डोळ्यांनी पाहिलं ते दाखवा अशी असेल तर बाद, आणि मूस साहेबांना वाईट पण वाटू नये. पण कोणती ते आधी सांगा की.

माझ्या हातून पण चूक झालीय, लपवत नाही. काही वर्षांपूर्वी नंदुरबारकडच्या एका शाळेत मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं, थीम 'प्रवास', ऐंशी-नव्वद फोटो असतील. एका पोराने बंद दाराचा फोटो दिला होता, कुलूप, आणि दारासमोर काटेरी फांदी आडवी टाकलेली. मी बाजूला ठेवला, म्हटलं यात एसटी नाही रस्ता नाही माणूस नाही, प्रवास कुठाय. नंतर तिथले सर म्हणाले की दिवाळीनंतर निम्मा पाडा गुजरातला कामाला जातो, दारं अशीच बंद करून. आता तो फोटो थीममध्ये बसत होता का? मला अजून सांगता येत नाही, खरंच. सरांनी सांगितल्याशिवाय मला तरी कळलं नसतं आणि कॅप्शनवर उभा राहणारा फोटो मला थोडा कच्चाच वाटतो. पण त्या भागातला दुसरा कोणी परीक्षक असता तर त्याला सांगावंच लागलं नसतं. तेव्हापासून मी आधी कॅप्शन झाकून बघतो, मग वाचतो, आणि तरी डाउट असला तर बाद करायच्या आधी तिथल्या माणसाला विचारतो. दहा मिनिटं जास्त जातात फक्त.

तुमचे तिन्ही परीक्षक मोठे लोक आहेत, मुंबई-पुण्याचे, त्यांची लाइट आणि फ्रेमची समज माझ्यापेक्षा कितीतरी जास्त, पण त्यांच्यात एक तरी शेतात पाय घातलेला माणूस हवा होता. तो फोटोग्राफर नसला तरी चालेल, एखादा कृषी सहाय्यक बसवा, एखादी केळीवाली बाई बसवा. आणि तुम्ही एंट्री व्हॉट्सअ‍ॅपवर घेता तिथे अजून एक गडबड आहे. मोबाईल फोटोत तारीख वेळ आपोआप साठवतो पण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की ती उडते, डॉक्युमेंट करून पाठवला तर राहते. सगळ्यांकडून नका मागू, पण शेवटच्या दहा फोटोंची मूळ फाईल मागितली असती तर ती नोव्हेंबरची दादर तुम्हालाच दिसली असती.

निकाल बदला असं मी म्हणत नाही, त्या पोराचं बक्षीस काढून घेऊ नका, त्याला कोणी तारखेचं विचारलंच नव्हतं.

फक्त पुढची थीम तुम्ही 'पावसाळा' जाहीर केलीय त्याबद्दल एक विचारायचंय. भाचीने आमच्याकडच्या धूळपेरणीचा, म्हणजे पाऊस यायच्या आधी कोरड्या रानात करतात त्या पेरणीचा फोटो काढून ठेवलाय. त्यात पाऊस नाही, ढग नाही, हिरवं तर नावाला नाही, सरकी टोचणाऱ्या बाया आणि गुडघ्यापर्यंत धूळ, एवढंच आहे. हा पावसाळ्यात धरणार का नाही ते कृपया आधीच छापा, म्हणजे ती पाठवेल नाहीतर राहू देईल.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
एक फोटो स्टुडिओवाला, ता. यावल